एका वेळी एक

आपल्याकडे लग्न झालेली माणसं जोडीनं मोजली जातात. सत्यनारायणाला जोडी बसते. यजमान पळीनं पाणी सोडतो, शेजारी बसलेली बायको त्याच्या हाताला बोट लावते आणि तेवढ्यावर दोघांची पूजा होते. पत्रिकेवर दोघांना मिळून एकच नाव असतं. ऊसतोडीला जाणारं जोडपं तर मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणूनच लिहिलं जातं. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, रात्री कोपीत येऊन भाकरी थापते. उचल कोयत्याला मिळते आणि बहुतेकदा नवऱ्याच्या हातात पडते. जोडीनं मोजण्यात आधार आहे, माया आहे, हे मी मनापासून मानते. पण या हिशेबात एक माणूस हळूहळू दिसेनासा होतो, आणि तो बहुधा बाईच असतो.

झिपलाईनच्या मचाणावर हा हिशेब चालत नाही. तिथं वजनकाटा ठेवलेला असतो आणि त्यावर दोघांना वेगवेगळं उभं करतात. पट्टा वेगळा, हेल्मेट वेगळं, पुली वेगळी. बहुतेक ठिकाणी नियमच असतो की तारेवर एका वेळी एकच माणूस. चाळीशी उलटेपर्यंत संसार केलेल्या बाईलासुद्धा तिथला पोरगा विचारतो, ‘काकू, तुमचं वजन किती?’ ‘तुमच्या घरी कोण कोण असतं’ हा प्रश्न तिथं कुणाच्या कामाचा नसतो. चिखलदऱ्याजवळच्या एका मचाणावर मी तशी उभी राहिले, त्याला बरेच दिवस झाले, पण तो प्रश्न मनातून जात नाही.

आम्ही कारंजा लाडची माणसं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, ह्यांनी वायरमन म्हणून नोकरी केली. दोघंही निवृत्त झालो आणि मुलीनं हट्ट धरला की नेहमीच्या यात्रा कंपनीबरोबर जाऊ नका, कॅराव्हॅन घ्या. म्हणजे चाकांवरचं घर: आत दोघांपुरती गादी, शेगडी, पाण्याची टाकी, छोटं न्हाणीघर. आपल्या राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या उभ्या करायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह या सोयी पर्यटनस्थळांजवळ व्हाव्यात, असा त्यामागचा विचार आहे. त्याच वर्षी साहसी पर्यटनाचंही धोरण आलं. आमची गाडी नागपूरहून भाड्यानं आली, समृद्धी महामार्गानं. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आमच्या जिल्ह्यातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून आमच्याकडच्या लोकांना नागपूर एकदम जवळचं वाटायला लागलं.

फिरतं घर ही गोष्ट वाशिम जिल्ह्याला नवी नाही, हे मात्र सांगायला हवं. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथंच आहे. या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या लदेणीत गेल्या. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्याच्या गोण्या लादायच्या आणि तांडाच्या तांडा चालत राहायचा. मोठमोठ्या फौजा या तांड्यांनी आणलेल्या धान्यावर जगल्या. संसार बैलाच्या पाठीवर, पोरं आईच्या पाठीशी, मुक्काम पाणी असेल तिथं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढं पक्के रस्ते झाले आणि लदेणीचं पोट गेलं. वर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कितीतरी भटक्या जमातींवर शिक्का मारला, तो पुसायला १९५२ साल उजाडावं लागलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं आहे. आपल्या भागातल्या प्रत्येकानं ते एकदा बघावं. आम्ही हौसेनं जे करायला निघालो होतो ते या लोकांनी पोटासाठी शतकानुशतकं केलं, आणि त्यांच्यातल्या बायका त्या वाटेनं सोबत चालल्या. आजही आपल्या भागातल्या तांड्यांवरची जोडपी कामाच्या शोधात संसार गाडीत भरून बाहेर पडतात. आमच्या गाडीला पडदे होते, पंखा होता. त्यांच्या ट्रॅक्टरला ताडपत्रीसुद्धा नसते. या दोन प्रवासांना एका मापानं मोजणं चूक ठरेल, पण शेजारून जाताना एकमेकांकडं बघायला तरी हवं.

गाडी मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव करत परतवाड्याकडं निघाली. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, कपाशी कमरेला आली होती. अंजनगावच्या आसपास पानपिंपळीचे मळे लागतात, मग परतवाड्याच्या बाजूला संत्र्याच्या बागा. ही वाट आम्ही एसटीनं कितीदा तरी केली असेल, पण खिडकीशी शेगडीवर चहा उकळतोय आणि बाहेर दर्यापूरचा काळ्या मातीचा सपाट मुलूख सरकतोय, हे सुख वेगळंच. अर्थात गाडी थांबवूनच चहा करायचा असतो. चालत्या गाडीत गॅस पेटवू नये, ही पहिली सूचना.

दुसरी सूचना मी माझ्याकडून देते. कॅराव्हॅनमध्ये स्वयंपाकघर सोबत येतं, म्हणजे बाईचं कामही सोबत येतं. घर सोडून निघालो तरी पोळपाट मागं लागलेलाच. हॉटेलात निदान ताट समोर येतं. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावं की भाजी कोण चिरणार, भांडी कोण घासणार, गाडीतला कचरा आणि मैलापाण्याची टाकी कोण रिकामी करणार. आम्ही ठरवलं होतं. सकाळचा चहा आणि रात्रीची खिचडी ह्यांच्याकडं होती. खिचडीत मीठ कमी असायचं, ती मी आवडीनं खाल्ली. एवढ्याशा जागेत एकानं उठायचं तर दुसऱ्यानं पाय जवळ घ्यावे लागतात. घरी आम्ही दोन खोल्यांतून एकमेकांना हाका मारत बोलायचो. इथं हाक मारायला अंतरच नव्हतं, त्यामुळं आवाज आपोआप खाली आला.

आमचा भाग माळरानाचा. कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट आहेत, नजर जाईल तिथवर गवत आहे. तिकडं मालेगावच्या बाजूला काटेपूर्णेचं रान आहे. पण झाडांच्या शेंड्यांवरून जावं असं खोल, उतरतं जंगल बघायचं तर मेळघाटच गाठावा लागतो. फेब्रुवारी १९७४ मध्ये इथं व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. घाट चढताना हवा बदलते, साग दाट होत जातो, मध्येच बांबू आणि मग कॉफीची झुडपं. विदर्भात कॉफी पिकते हे कुणाला सांगितलं तर अजूनही खरं वाटत नाही.

तारेवरून जाण्याची ही कल्पना मुळात खेळाची नव्हती. हिमालयात पूल नसलेल्या नद्या लोक दोराला लटकून ओलांडत आले आहेत. नेपाळात शाळकरी मुलांनीसुद्धा तशा वाटा काढल्या. १९७० च्या दशकात कोस्टा रिकाच्या वर्षावनात डोनाल्ड पेरी या जीवशास्त्रज्ञानं झाडांच्या शेंड्यांवरची सृष्टी अभ्यासायला दोरांचा आधार घेतला. जमिनीवर उभं राहून जंगल कळत नाही, त्याचा मोठा व्यवहार वर चालतो, हे अशा अभ्यासकांनी जगाला दाखवून दिलं. पर्यटनाच्या झिपलाईनी तिथंच पुढच्या दोन-अडीच दशकांत फोफावल्या. आपल्या देशात राजस्थानातल्या नीमराण्याच्या किल्ल्यावर २००९ मध्ये त्या सुरू झाल्या आणि आता घाटमाथ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पर्यटनस्थळी तार दिसते.

मचाणावर पोचल्यावर ह्यांच्यातला वायरमन जागा झाला. तार कुठं संपते, ताण कुठं दिला आहे, क्लिपा किती आणि कशा बसवल्या आहेत, एक दोर गेला तर दुसरा आहे का, हे सगळं त्यांनी त्या मुलाला विचारलं. मुलगा तिथल्याच गावातला, कोरकू होता. तो कंटाळला नाही. उलट त्याला बरं वाटलं असावं, कारण तो ह्यांना मागच्या बाजूला घेऊन गेला आणि तार जिथं झाडाला वेढली होती ती जागा दाखवली. मीही गेले. पोलादी दोर थेट खोडावर आवळलेला नव्हता. खोडाभोवती लाकडाच्या पट्ट्या उभ्या लावल्या होत्या आणि दोर त्यांच्यावरून गेला होता. मुलानं सांगितलं की झाड जाड होतं तसं हे बांधणं सोडून पुन्हा बांधावं लागतं. नाही सोडलं तर दोर सालीत रुततो. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच खाली मुळांपर्यंत जातं. साल चहूबाजूंनी आवळली की मुळं उपाशी राहतात आणि झाड वाळायला लागतं. वर पानं हिरवी असतात, म्हणून बरेच दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी त्या पट्ट्यांवरून हात फिरवला. कित्येक घरांत मी अशी वरून हिरवी बाई पाहिली आहे. तिच्यावर कुणाचा राग नसतो, कुणी तिला त्रास देत नाही, घर सुखाचं असतं. फक्त ज्या वयात जे बांधलं ते कुणी सैल केलेलं नसतं. विसाव्या वर्षी ‘एकटी जाऊ नकोस’ म्हटलं, ते साठाव्या वर्षीही तसंच. पुरुषांचंही होतं. कमावता माणूस म्हणून ज्याला बांधला, तो निवृत्तीनंतरही रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून कुठं जावं या विचारात ओट्यावर बसलेला असतो. बांधणं वाईट नव्हतंच. तार त्यावरच तर उभी आहे. पण माणूस वाढतो, आणि वाढलेल्या माणसाला जुनं माप काचतं.

आधी हे गेले. जाताना मागं वळून बघायला गेले तर मुलगा म्हणाला, ‘काका, समोर बघा, हात पुलीच्या पुढं नेऊ नका.’ घर्रर्र आवाज झाला आणि हे दरीपलीकडच्या झाडीत लहान होत गेले. मग माझी पाळी. पायाखालची फळी सोडायची तो क्षण कुणाला सोपा नसतो. मुलानं ढकललं नाही, ‘तुम्हाला वाटेल तेव्हा’ म्हणाला. असं मला फार थोड्या वेळा कुणी म्हटलं आहे.

मी सुटले. वारा कानांत शिरला, पदराचं काय होणार ही चिंता नव्हती कारण मुलीनं सलवार-कुर्ता घालायला लावला होता, आणि बघता बघता पायांखाली सागाचे शेंडे आले. साग मी जन्मभर खालून पाहिला आहे. मोठमोठी खरखरीत पानं, चुरगळली की हात लाल होणारी. वरून तो ओळखू येईना. प्रत्येक शेंड्यावर पांढरट बारीक फुलांचा पसरट तुरा होता. खालून तो पानांच्या आड राहतो. एकेक फूल दिवसाचं सोबती, पण तुऱ्यात इतकी असतात की फुलोरा आठवडेच्या आठवडे टिकतो. खालच्या पानांना किडीनं जाळी पाडली होती, नुसत्या शिरा उरल्या होत्या, आणि त्याच झाडाच्या माथ्यावर मधमाश्या घोंगावत होत्या. इथल्या आमझरीला ‘मधाचं गाव’ ही ओळख का मिळाली, ते वरून बघितल्यावर कळतं.

तार सरळ नसते, तिला मध्ये झोळ असतो. झोळ ओलांडला की किंचित चढ लागतो आणि वेग मरतो. जड माणूस वारा कापत पलीकडं पोचतो; हलक्या माणसाला तोच वारा जास्त अडवतो. तार तीच, उतार तोच, तरी दोघांचा वेग सारखा नसतो. म्हणून तर आधी वजन करतात. हे पलीकडच्या मचाणावर थेट पोचले होते. मी अलीकडंच थांबले, मचाण काही हातांवर असताना, दरीवर लोंबकळत.

पलीकडच्या मचाणावरचा मुलगा ओरडला, ‘घाबरू नका काकू, येतो मी.’ पण मी घाबरले नव्हते. त्याला दोर लावून माझ्यापर्यंत यायला जो वेळ लागला, त्या वेळात माझ्याकडून कुणाला काहीच नको होतं. कुकरची शिट्टी नाही, हजेरीपट नाही, गोळ्यांची वेळ नाही. खाली साग, वर आभाळ, दूर कुठंतरी पाण्याचा आवाज. एक शेकरू एका फांदीवरून शेजारच्या झाडावर झेपावलं. हे जनावर आपल्या राज्याचा मानाचा प्राणी, जमिनीवर क्वचित उतरतं. त्याचं सगळं आयुष्य झाडाला झाड लागून असण्यावर चालतं, पण झेप मात्र त्याला एकट्यालाच घ्यावी लागते. मला तिथं देव भेटला असं मी म्हणणार नाही. मला मी भेटले, एवढं नक्की म्हणेन, आणि त्या बाईशी माझी बऱ्याच वर्षांत गाठ पडली नव्हती.

ह्यांना मचाणावर नुसतं उभं राहावं लागलं. आयुष्यभर कुठंही काही अडलं की पुढं होऊन दुरुस्त करणारा माणूस. रात्री वादळात तार तुटली तरी निघणारा. इथं त्यांच्या हातात काही नव्हतं. नंतर मला म्हणाले, ‘तू तिथं लटकलीस आणि मला काही करता येईना, तवा जीव खालीवर झाला. मग पाहिलं तर तू हसत होतीस.’ थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, ‘लई दिवसांनी पाहिलं तसं हसताना.’

त्या रात्री पर्यटक निवासाच्या आवारात गाडी उभी करून आम्ही दार उघडं ठेवून बसलो. धुकं आत येत होतं. काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही, पण एक गोष्ट ठरली. मला डिसेंबरात मैत्रिणींबरोबर कोकणात जायचं होतं, आणि ते मी ह्यांना कधी विचारलंच नव्हतं, कारण ‘तुमचं जेवणाचं काय’ इथंच माझा विचार थांबायचा. ह्यांना गावाकडच्या शेतात मुक्कामाला राहायचं होतं, आणि ते मला बोलले नव्हते, कारण ‘ही एकटी कशी राहील’. दोघंही एकमेकांच्या काळजीनं घट्ट बसून होतो. ती काळजी खोटी नव्हती. पण तिला जाड झालेल्या झाडाचं माप घ्यायला हवं होतं.

सोबत म्हणजे सतत हाताला हात लावून बसणं, असं मला आता वाटत नाही. एक जण तारेवर असताना दुसऱ्यानं पलीकडं उभं राहणं, सूचना न देणं, आणि तो येईल त्या वेगानं येऊ देणं, हेही सोबतच आहे. माझ्या मते वय वाढेल तशी हीच सोबत जास्त लागते. तरुणपणी संसाराला दोघांचे चार हात एका कामाला हवे असतात. मुलं मार्गी लागल्यावर तो भार उतरतो, आणि तेव्हा एकमेकांना मोकळं सोडण्याचं काम बाकी राहतं. ते कुणी शिकवत नाही.

वाशिम, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा, आपल्या या सहाही तालुक्यांतल्या माझ्या वयाच्या जोडप्यांना माझी विनंती आहे. सोयाबीन घरात आलं, पाऊस ओसरला की निघा. कॅराव्हॅन परवडली नाही तर एसटीनं जा, मेळघाट सगळ्यांसाठी तोच आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, पाठीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारेवर जाऊ नका. पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी आहे का ते विचारा, पट्टे झिजलेले नाहीत ना, आधाराला दुसरा दोर आहे ना, तार झाडाला कशी बांधली आहे, हे बघून घ्या; विचारण्यात कमीपणा नाही. वीज चमकत असेल तर खाली उतरा. आणि कुठं जायचं हे ठरवण्याआधी घरातल्या बाईला विचारा की तुला काय बघायचं आहे. तिचं उत्तर येईपर्यंत थांबा. पहिल्यांदा विचारताय, त्यामुळं थोडा वेळ लागेल.